भलत्या बाजूची खाच

२ फेब्रुवारी, रविवार

घबाड! आज अक्षरशः घबाड हाती लागलं. भंगारवाल्याच्या वखारीत मोडक्या सायकलींच्या ढिगाखाली एक लाकडी पेटी पडली होती. सहज पायाने सरकवली, तर आत लोखंडावर लोखंड वाजलं. निवृत्त झालो म्हणून काय झालं, वजनमापे निरीक्षकाचा कान आहे हा. उघडली तर आत सुताराची जुनी हत्यारं. एक हातभर लांब रंधा, एक छोटा रंधा, तीन पटाश्या, एक करवत आणि लाकूड तासायची आखूड दांड्याची कुऱ्हाड. सगळं गंजाने लाल झालेलं. पण गंजाखालचं पोलाद असं, की हल्ली औषधालासुद्धा सापडायचं नाही.

भंगारवाला म्हणाला, "घेऊन टाका साहेब. एक म्हातारा सुतार होता, तो गेला. पोराने पेटी आणून टाकली. म्हणत होता, बापाच्या हत्याराला दुसऱ्या कुणी हात लावला की काम बिघडलंच म्हणून समजा."

कारागीर लोक असल्या पुड्या मुद्दाम सोडतात, म्हणजे कुणी उसनं मागायला येत नाही. मी असल्या गोष्टींना भीक घालत नाही.

पुढच्या महिन्याच्या दोन तारखेला वाचनालयाच्या हॉलमध्ये जुन्या वस्तूंचं प्रदर्शन आहे. हिचा धाकटा भाऊ, म्हणजे आमचा मेहुणा, दरवर्षी तिथे आपली जुनी कुलपं मांडतो, दरवर्षी बक्षिसाची ढाल पटकावतो आणि दरवर्षी ती ढाल काखेत मारून आमच्याकडे चहाला येतो. ढाल टेबलावर ठेवतो. बशी ठेवायला जागा राहत नाही. यंदा त्याची जिरवायचीच. जुन्या वस्तू दुरुस्त करणाऱ्याने आपल्या कामाची नोंद ठेवावी, म्हणून ही दैनंदिनी.

पेटी आणली तेव्हा ही दारातच उभी होती. "अहो, मागच्या छंदातलं घड्याळ अजून तीन डब्यांत सुटं पडलंय, त्याचं काय?"

मी पेटी तशीच आत नेली. मोठ्या कामाच्या सुरुवातीला वाद घालू नये.

३ फेब्रुवारी, सोमवार

जुनी हत्यारं दुरुस्त करण्याचं एक पुस्तक आणलं आणि त्यात बघून सगळी पाती व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवली. भांडं कोणतं घेतलं यावरून घरात बरंच बोलणं झालं. दूध तापवायला दुसरं पातेलं आणून देईन असं कबूल करावं लागलं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

गंज उतरला. तारेच्या ब्रशने घासलं, लाकडाला जवसाचं तेल पाजलं. लाकूड घटाघटा प्यायलं बिचारं. मोठा रंधा तर असा उजळला की बघत राहावं.

पण एक गोष्ट लक्षात आली आणि फार वाईट वाटलं. ही हत्यारं ज्याने वापरली तो सुतार नंबर एकचा वेंधळा असणार. मोठ्या रंध्याची मूठ मध्यावर नाही, जरा एका अंगाला. अंगठ्याने घासून मुठीला जी खाच पडते, ती भलत्याच बाजूला. मी धरून बघितला, अंगठा कुठे ठेवावा हेच कळेना. कुऱ्हाडीचीही तीच तऱ्हा. अशी कुऱ्हाड एकाच अंगाने तासलेली असते, दुसरं अंग सपाट. इथे तासलेलं अंग नेमकं चुकीचं. दांडाही भलतीकडे वाकलेला. सगळ्या हत्यारांत एकच चूक! माणूस कायम पिऊन काम करत असावा.

ही चहा घेऊन आली आणि रंधा उचलून बघू लागली. "अय्या, कसला छान बसतो हो हातात! जसा काही माझ्यासाठीच केलाय."

मी हसलो. एक तर तिने तो डाव्या हातात धरला होता. रंधा कसा धरावा याचीसुद्धा माहिती नाही, आणि म्हणे छान बसतो. मी तिला नीट धरून दाखवला. तिने पुन्हा आपला डाव्या हातात घेतला आणि मुठीवरून अंगठा फिरवत बसली. चहा गार झाला.

९ फेब्रुवारी, रविवार

हत्यारं काचेच्या कपाटात मांडली. कपाटाला कुलूप. "हात लावू नये" असा कागदही चिकटवला. चावी माझ्या चष्म्याच्या डबीत. चष्म्याची डबी मला कधी सापडत नाही, हीच शोधून देते, त्यामुळे चावी अगदी सुरक्षित.

१२ फेब्रुवारी, बुधवार

स्वयंपाकघराचं दार वर्षानुवर्षं खाली घासत होतं. उघडताना असं कण्हायचं की शेजारी विचारायचे, कोण आजारी आहे. आज अलगद उघडलं. हिला म्हटलं, "हवा कोरडी झाली की लाकूड आकसतं, तुला माहीत नसेल."

"नाही हो, मला कुठलं माहीत," ती म्हणाली.

केराच्या टोपलीत लाकडाच्या कुरळ्या, लांब सोलपट्या होत्या. विचारलं तर म्हणाली, पेन्सिली तासल्या. आमच्या घरात इतक्या पेन्सिली आहेत हे मला ठाऊक नव्हतं. बायकांचा खर्च असा नकळत होतो.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

हिच्या अंगठ्याला चिंधी. भाजी चिरताना कापलं म्हणे. मी म्हटलं, डाव्या हाताने चिरलं की असंच व्हायचं. लग्न झालं तेव्हापासून सांगतोय. कात्री धरते डाव्या हाताने, आमटी ढवळते डाव्या हाताने. जन्माची डावखुरी. तिच्या आईने लहानपणी तिचा डावा हात ओढणीने कमरेशी बांधून पाहिला होता, तरी सुधारली नाही.

दुपारी मुठीच्या त्या खाचेवर खूप विचार केला. काही उलगडा होत नाही. कोड्यात टाकणारा प्रकार आहे.

१६ फेब्रुवारी, रविवार

खालच्या मजल्यावरच्या शेजारीणबाई जिन्यात भेटल्या. "तुमच्या घरून आमचं स्टूल परत आलं हो, काय दणकट झालंय! आधी बसलं की डुगडुगायचं. तुमचे उपकार कसे फेडू?"

कसलं स्टूल काही समजेना, पण कौतुकाला नाही म्हणू नये. मी म्हटलं, "छे छे, त्यात काय एवढं."

मेहुणा येऊन गेला. कपाटाकडे बघून म्हणाला, "भाऊजी, हत्यारं झकास चमकवलीत हं. पण परीक्षकांपैकी एक जण स्वतः लाकूडकाम करणारा आहे. हा मुठीचा वाकडेपणा तो लगेच पकडणार. तुमचं अवघड आहे."

मेल्याला दुसऱ्याच्या ताटातली माशी बरोबर दिसते. पण बोलला ते खरं. दोष काढायलाच हवेत. कुऱ्हाड सरळ करायची, मोठ्या रंध्याची मूठ कापून मध्यावर बसवायची, आणि ती भलत्या बाजूची खाच भुसा-सरसाची लांबी भरून बुजवून टाकायची. ही ताडकन म्हणाली, "अजिबात नाही!" मग सावरून म्हणाली, "म्हणजे, राहू द्या ना, बरी आहेत तशी."

भावाची ढाल जाईल म्हणून वाईट वाटत असेल. रक्ताचं नातं, दुसरं काय.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

कुऱ्हाड सरळ केली! ग्राइंडरच्या चाकावर सपाट अंग धरून चांगलं घासलं. ठिणग्या अशा उडाल्या की पडद्याला भोक पडलं. आणि गंमत म्हणजे पोलादावर मोराच्या मानेसारखा निळा रंग चढला. फार शोभतो. प्रदर्शनात वेगळा उठून दिसेल.

हिला दाखवली. तिने धारेवरून नख ओढलं, एक वाळकी फांदी घेऊन तिच्यावर घाव घातला. धार वाकली. फांदी तशीच.

"पातं जाळलंत तुम्ही," ती म्हणाली. "निळं झालं म्हणजे मऊ पडलं. आता ही लोणीसुद्धा कापायची नाही."

"तुला कुणी सांगितलं?"

"तुमच्याच पुस्तकात आहे. चौथ्या धड्यात. तुम्ही पहिल्या धड्यातली चित्रं बघून ठेवून दिलंत."

एवढं बोलून गॅलरीत जाऊन बसली. मी मागून गेलो तर तोंड फिरवलं. डोळे पुसत होती. एका कुऱ्हाडीसाठी?

२० फेब्रुवारी, गुरुवार

अबोला चालू आहे. चहा मिळतो, पण आपटून मिळतो.

२२ फेब्रुवारी, शनिवार

आज रंध्याची मूठ कापायचं ठरवलं होतं. करवत सापडली नाही. काचेच्या बंद कपाटातून करवत नाहीशी! मी घरभर शोधली, ही माझ्याबरोबर शोधत होती. पलंगाखाली वाकून "इथे नाही हो" असं इतक्या आपुलकीने म्हणाली की अबोला संपला म्हणून मला बरंच वाटलं.

२३ फेब्रुवारी, रविवार

करवत गादीखाली होती. माझ्याच गादीखाली. मी रात्री तिच्यावरच झोपलो होतो, म्हणून तर पाठ धरली. तिथे गेली कशी? ही म्हणाली, "तुम्ही विसरभोळे झालात." असेलही.

मूठ कापायला बसलो तर चष्मा नाही. चष्मा मिळाला तर सरसाची बाटली उलटी, सगळा सरस फरशीवर. तो पुसला तर खालच्या शेजारीणबाई आल्या आणि तब्बल संध्याकाळपर्यंत उठल्याच नाहीत. सारख्या हिच्याकडे बघत होत्या आणि ही त्यांना आणखी चहा देत होती. ग्रह फिरलेत माझे.

पण मीही हट्टाला पेटलो आहे. इतक्या वर्षांत एकही खोटं वजन माझ्या नजरेतून सुटलं नाही. हा रंधा तर सोडणारच नाही.

२६ फेब्रुवारी, बुधवार

कसं लिहू? लिहायलाच हवं.

सकाळी ही भाजी आणायला गेली, तेवढ्यात मी रंधा काढला. मुठीवर पेन्सिलीने रेघ मारली. कापण्याआधी त्याचा दोष नीट नोंदवून ठेवावा, म्हणून एक फळी बांधून तिच्यावर तो एकदा चालवला. रंधा अडखळला. जोर लावला तर फळीचा ढलपा निघाला आणि मूठ तळव्यात रुतली. म्हटलं, बघा, भंगारवाला म्हणत होता तेच खरं. करवत रेघेवर ठेवली.

"थांबा!"

ही दारात. पिशवी तिथेच टाकली, कांदे घरभर घरंगळले. धावत आली आणि दोन्ही हात रंध्यावर ठेवून उभी राहिली. करवत अजून माझ्या हातात.

"आधी माझा हात कापा," ती म्हणाली.

"अगं, वेड लागलंय का तुला?"

"सरका."

मी सरकलो. तिने डाव्या हातात मूठ धरली. अंगठा त्या खाचेत असा जाऊन बसला, जसा पाय जुन्या चपलेत जातो. उजवा हात पुढे ठेवून तिने रंधा ढकलला. सर्र असा आवाज झाला आणि रंध्यातून एक सोलपटी निघाली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड, पलीकडचं दिसेल इतकी पातळ. मग दुसरी. मग तिसरी. तिच्या चेहऱ्यावर असं काही होतं जे मी या घरात कधी पाहिलं नव्हतं.

मग ती बोलली, थांबलीच नाही. "तो सुतार दारुडा नव्हता हो. डावखुरा होता, माझ्यासारखा! तुमच्या या घरात सगळं उजव्या हाताचं आहे. कात्री, सोलाणं, डबा उघडायचं यंत्र, झारीची तोटी, सगळं. प्रत्येक वस्तूपुढे मी हात वाकडा करते आणि ऐकून काय घेते, तर मीच वाकडी. या रंध्याला धरलं आणि पहिल्यांदा मला हात वाकवावा लागला नाही. रोज दुपारी तुम्ही घोरत असता तेव्हा मी कपाट उघडते. दार मी रंधलं. स्टूल मी नीट केलं. अंगठा भाजीने नाही, पटाशीने कापला. कुऱ्हाडीवर मी हात बसवत होते आणि तुम्ही ती जाळलीत. आता हाही कापायला निघालात. का? तुमच्या हातात बसत नाही म्हणून!"

मी खाली बसलो. दार, स्टूल, पेन्सिली, चिंधी, गादीखालची करवत, सगळं एकदम डोक्यात येऊन आदळलं. "डाव्या हातात धरला होता", हे मीच इथे माझ्या अक्षरात लिहून ठेवलंय. लिहिलं आणि हसलो. भोपळ्याएवढं खोटं वजन काट्यावर ठेवलेलं होतं आणि निरीक्षक साहेब मान डोलवत उभे.

लाज वाटली. कुऱ्हाड आठवली तेव्हा तर रडूच आलं. वही माझी आहे, म्हणून लिहितो. तिने समजूत घातली नाही. कांदे गोळा करायला लावले.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

चौथा धडा वाचला. निळा पडलेला भाग चाकावर नाही, हाताने दगडावर हळूहळू घासून काढला तर मागचं कडक पोलाद पुन्हा हाती लागतं. आणि या वेळी तासायचं अंग तिच्या बाजूचं. दिवसभर घासलं. नखाएवढं निळं गेलं. खांदे भरून आलेत. कपाटावरचा "हात लावू नये" हा कागद हिने काढून माझ्या पाठीवर चिकटवला होता. दूधवाल्याने सांगितलं तेव्हा कळलं.

२ मार्च, रविवार

प्रदर्शन. मी मांडणार नव्हतो, ही म्हणाली मांडायचं. कुऱ्हाड घरी ठेवली, बाकी हत्यारं नेली आणि शेजारी एक फळी बांधली. मेहुणा कुलपं पुसत होता. आमच्या रंध्याकडे बघून म्हणाला, "काय भाऊजी, मूठ अजून वाकडीच?"

ही गोड आवाजात म्हणाली, "छोट्या, तू तर हुशार. चालवून दाखव बघू."

त्याने बाह्या सरसावल्या. रंधा अडला, फळीने ढलपा टाकला, मेहुणा "आई गं" म्हणाला. मग गर्दी जमली. ज्याला त्याला आपलं मनगट दाखवायचं होतं. लाकूडकामवाले परीक्षकसुद्धा आले आणि दोन ढलपे काढून हात चोळत मागे झाले. ही शांतपणे सगळ्यांना म्हणत होती, "थोडा जोर कमी पडतोय हो." शेवटी स्वतः पुढे झाली, डावा हात मुठीवर, आणि सर्र. सोलपटी टोकापासून टोकापर्यंत अखंड. मग जो हशा उसळला! परीक्षक आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिले. मागून एक पोस्टमन पुढे आला, डाव्या हाताने पेन काढून म्हणाला, "ताई, मला एकदा द्या ना." त्याचीही सोलपटी अखंड निघाली. तो रंधा सोडेचना, त्याच्या बायकोला त्याला ओढून न्यावं लागलं.

ढाल मेहुण्यालाच मिळाली. प्रदर्शनातली वस्तू वापरून दाखवणं नियमात बसत नाही म्हणे. संध्याकाळी तो ढाल घेऊन चहाला आला. हिने टेबलावर जागा करून दिली आणि त्याला डाव्या हाताने कप धरायला लावला. त्याचा शर्ट धुवायला टाकलाय.

तो गेल्यावर मी म्हटलं, "काही म्हण, एवढं काही अवघड नसणार ते. सवयीचा भाग आहे."

हिने माझ्याकडे बघितलं. "मग उद्याचा दिवस डाव्या हाताने राहून दाखवा."

३ मार्च, सोमवार

डाव्या हाताने लिहितो आहे. म्हणून थोडंच.

दाढीला जखम. शर्टाची बटणं हिने लावली. कुलूप उघडेना. बटाटा सोलायला घेतला, हिरव्या वाटाण्याएवढा उरला. ही दिवसभर हसत होती. मग मी लिहायला बसलो आणि ती मागे येऊन उभी राहिली. हसायची थांबली.

म्हणाली, "पहिलीत असताना माझं अक्षर अगदी असंच यायचं. बाईंनी पाटी सगळ्या वर्गाला दाखवली. मग मी या हाताने पुन्हा कधी लिहिलंच नाही."

मी पेन तिच्या डाव्या हातात दिलं आणि वही सरकवली. लिही काहीतरी, म्हटलं. बराच वेळ तिने नुसतं धरून ठेवलं. मग लिहिलं:

तुमच्यापेक्षा माझं अक्षर बरं आहे.